वाशाचं माप

लामू बेटावरच्या आमच्या गल्लीत
समोरून गाढव आलं
की माणसाने भिंतीला पाठ लावायची.
भिंत प्रवाळाच्या दगडाची, चुन्याची,
पाठी घासून घासून
कमरेच्या उंचीवर गुळगुळीत झालेली.

बहीण परत येत होती मोंबासाहून.
सोमोए.
दोन मुलं, एक शिलाई मशीन
आणि नवऱ्याबद्दल एक अक्षर नाही.
गच्चीवर तिला खोली बांधायची होती.

मी कागदावर काढली:
पंधरा फूट रुंद, समुद्राकडे काच,
लोखंडी तुळई, वर सिमेंटचा स्लॅब.
शेकुवे गवंड्याने कागद उलटा धरला,
मग सुलटा,
मग घडी घालून त्यावर चहाचा पेला ठेवला.

दुपारी मासा-भात खाऊन तो बैठकीत उताणा पडला
आणि खाल्ल्या घरचे वासे मोजू लागला,
अगदी बोट लावून, मोठ्याने.
आई हसली. कितीतरी दिवसांनी.

"खारफुटीचा वासा," तो म्हणाला,
"नऊ फुटांच्या पुढे ओझं धरत नाही.
म्हणून ही बैठक नऊ फूट.
तू जन्मलास ती आतली खोली नऊ फूट.
तिथेच तुझ्या बापाला शेवटची आंघोळ घातली,
पाणी कुठे वाहून गेलं आठवतं ना?
हे घर तुझ्या पणजोबाने नाही आखलं.
खाडीतल्या झाडाने आखलं."

मी म्हणालो, लोखंड वाकत नाही.
तो म्हणाला, तेच तर.

जुन्या वास्तूंच्या कचेरीतून पत्र आलं:
मूळ स्वरूप राखावे.
मूळ म्हणजे कुठलं,
ते लिहायचं राहिलं होतं.

मग पूर्वेची भिंत खरवडताना
चुन्याखाली चौकट लागली.
दार.
गच्चीच्या जिन्याजवळ, हवेत उघडणारं,
खाली गल्ली,
समोर अबूदच्या घराची भिंत,
आणि त्या भिंतीतही, आता नीट पाहिलं तर,
तेवढाच एक बुजवलेला चौकोन.

त्याला आमच्यात विकिओ म्हणतात.
गल्लीवरून जाणारी, छपराची वाट.
मुलगी समोरच्या घरात दिली
तर रस्त्यावर पाऊल न ठेवता
तिला आईकडे येता यावं म्हणून.

आईला विचारलं, कोणी पाडला?
"वासे सडले होते," ती म्हणाली.
नारळ खवत राहिली.
वाटी संपल्यावर म्हणाली,
"सडू दिले."

खारफुटी तोडायला आता परवाना लागतो.
तेरा वासे आले नावेतून,
ओले, लालसर, चिखलाचा वास असलेले.
शेकुवेने नवी भिंत जुनीपासून बोटभर आत घेतली,
सांधा लिंपून टाकला नाही.
मी म्हटलं, दिसतोय.
"दिसू दे की," तो म्हणाला,
"उद्याच्या गवंड्याला कुठे खरवडायचं ते कळेल."
काच मात्र त्याने लावू दिली.
छोटी. आणि समुद्राकडे नाही,
चौकाकडे, जिथून आईची चूल दिसते.

सोमोए धक्क्यावर उतरली तेव्हा ओहोटी होती.
वर आली, चपला काढल्या,
पावलाला पाऊल लावून खोली मोजली
एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत.
"तेवढीच आहे," म्हणाली.
कशाएवढी, ते मी विचारलं नाही.
मशीन ठेवलं, गादी पसरली,
मुलं भांडली काचेपाशी कोण झोपणार म्हणून.

ते आंधळं दार आम्ही बुजवलं नाही,
फोडलंही नाही.
हातभर खोल कोनाडा झालाय तिथे.
सोमोए त्यात कात्री ठेवते,
आणि मोबाईल चार्जिंगला लावते.

परवा रात्री पलीकडे खरखर ऐकू आली,
चुना पडत असल्यासारखी.
"घूस असेल," आई म्हणाली,
पण दिवा तिने मालवला नाही.

तेरापैकी एक वासा उरलाय,
थोडा वाकडा, जिन्याखाली आडवा.
गल्ली पाच फूट आहे.