तुरटी

फळीवर तुरटीचा खडा आहे.
आई गेली तेव्हा लिंबाएवढा होता,
अजून लिंबाएवढाच आहे.

तिच्या हातात खडा महिनाभर टिकत नसे.
मेकाँगचं पाणी रांजणात ओतायचं,
खडा गरगर फिरवायचा,
झाकण ठेवून सकाळपर्यंत विसरायचं.
सकाळी वर पाणी, तळाला चार बोटं गाळ.
तो ती फेकत नसे.
शेपूच्या वाफ्यात नेऊन हळूच ओतायची,
शेजारणीची उसनी वाटी परत करावी तशी.

मी थोंगबाय. मोजपट्टी वाचतो.
सकाळी सात, संध्याकाळी सात,
आकडा वहीत, वही सरकारात.
बापाने काम सोपवलं तेव्हा
घाटाला एकोणीस पायऱ्या होत्या.
आता पंचवीस आहेत,
आणि वरच्या अंगाला एकही वाढलेली नाही.
नदी खाली उतरते,
आम्ही सिमेंटची पाटी घेऊन तिच्या मागोमाग.

जानेवारीत पाणी निळं झालं.
खरंच निळं, कॅलेंडरवरच्या समुद्रासारखं.
उदोन थानीहून गाड्या आल्या,
मुली हात पसरून फोटो काढू लागल्या,
आणि माझ्या बहिणीने, बुआखायने,
काठावर टपरी टाकून
गोकर्णाच्या फुलांचं सरबत विकायला काढलं.
म्हणते, जन्मात पहिल्यांदा ही नदी
रोख पैसे देते आहे.
मी काय बोलू?
तिच्या घरावरचे पत्रे त्या सरबताचे आहेत.

मग पाणीखात्याच्या वारुणीबाई आल्या,
या तीरापासून लाओसच्या तीरापर्यंत
होडीतून तळाचा आवाज ऐकत गेल्या.
कागदावर दोन रेघा दाखवल्या मला.
जुनी नदी : परातीसारखी, पसरट.
आजची : खल.
"वर भिंतींमागे गाळ खाली बसतो," त्या म्हणाल्या,
"पाणी रिकाम्या हाताने पुढे येतं.
अशा पाण्याला भूक असते."
काय खातं ते?
"आधी तळ," त्या म्हणाल्या
आणि माझ्या चपलांकडे बघत राहिल्या.

इथे मळई होती.
पूर ओसरला की चिखलावर दोऱ्या ताणायच्या,
इथपासून इथपर्यंत तुझं, पलीकडे आमचं;
दर वर्षी नव्याने भांडण, कारण
दर वर्षी जमीनच नवी.
भुईमूग, कांद्याची पात, तंबाखू.
खताची पिशवी कशी दिसते
हे मला लग्नानंतर कळलं.
आता तिथे गोटे आहेत.
वाळू गेली,
जे पाण्याला उचलवत नाही तेवढंच मागे राहिलं,
घर सोडताना पाटा-वरवंटा राहतो तसं.

परवा रात्री पाऊस नव्हता, वारा नव्हता,
तरी पाणी हातभर चढलं आणि पहाटेआधी झपकन उतरलं.
कुणीतरी, कुठेतरी, झडप उघडली असेल
आणि लावली असेल.
भिजलेला काठ तसाच उभा होता
नऊ वाजेपर्यंत.
मग खामफानच्या चार केळी
एकमेकींना धरून, उभ्याच्या उभ्या
खाली गेल्या.
आवाज फार झाला नाही.
दुपारी बुआखायने टपरी तीन हात मागे ओढली,
मी दुसरं टोक धरलं.
तिने मला एक पेला सरबत दिलं.
लिंबू पिळलं की ते जांभळं होतं. बरं लागतं.

काल मी रांजण भरला,
का कोण जाणे, खडाही फिरवला.
सकाळी कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपला.
बोटं धुतल्यासारखी बाहेर आली.
वर कुठेतरी केवढा खडा फिरवलाय कुणी,
आणि तळाचा गाळ
कुठल्या वाफ्यात नेऊन ओततात ते लोक?

सात वाजत आले होते.
खाली गेलो.
पट्टीवरचं शून्य कोरडं होतं,
त्याच्या खाली वीतभर खांब,
त्याच्या खाली पाणी, नितळ,
माझे पाय स्पष्ट दाखवणारं.
वही उघडली.
वहीत उण्याच्या चिन्हाला
जागाच ठेवलेली नाही.