पानी कित्ता

देगलूरच्या पुढं नाका ओलांडला की
डांबराचा रंग बदलतो.
आमचं राज्य संपल्याची ती पहिली खूण.
मग पाट्या: एकीकडं कानडी, एकीकडं तेलुगू,
आमच्या पाटीवर पानाची पिचकारी.

तिथं मी बिनतारीवर होतो, एकोणीस वर्षं.
हणमंत बोईनवाड, शिपाई, मग हवालदार.
काम ऐकायचं. बोलायचं कमी.

त्या रात्री वरच्या धरणाचे दरवाजे उघडले
आणि शेवाळाथडीला तिन्ही अंगांनी मांजरा लागली.
नांदेड म्हणालं, अहवाल पाठवा.
पाठवला.
नांदेड म्हणालं, दोन प्रतींत.

मग मी बटण फिरवलं, जिथं फिरवायचं नसतं तिथं.
खरखर. खरखरीत एक कानडी शिवी,
पलीकडं तेलुगूत कुणीतरी आकडे मोजत होतं.
मला ओकटी, रेंडु एवढंच येतं,
आणि ऊटा आयता, म्हणजे जेवलास का.
पुरात त्याचा काय उपयोग.

तेव्हा तोंडातून आपसूक निघालं ते
आठवडी बाजारातलं, म्हशीच्या सौद्यातलं,
शाळेत बोललं की छडी मिळायची ते:
“सुनो मियाँ, पानी कित्ता चढ्या उधर?”
खरखर थांबली.
मग औरादकडून बसलिंगप्पा: “कमर तक. तुमना क्या होना?”
मग मदनूरकडून सायलू: “डोंगी हाय मेरे पास. रस्सा नै.”
रस्सा माझ्याकडं होता.

माझा आजा निजामाच्या तुरुंगात अकरा महिने होता.
कोठडीत एक कानडी विणकर, एक तेलंगी मास्तर.
ज्याचं राज्य बुडवायचं
त्याच्याच गल्लीतल्या बोलीत
तिघं रात्रभर कुजबुजायचे.
पुढं राज्य बुडालं. आठ वर्षांनी वाटलंही गेलं,
तालुके मोजून, पट्टी लावून.
त्या कागदांत ही बोली
कुणाच्याच सातबाऱ्यावर चढली नाही.
म्हणून उरली.

पहाटेपर्यंत माणसं काढली.
सायलूची डोंगी, माझा रस्सा,
बसलिंगप्पानं गुऱ्हाळातून उचलून आणलेली काहील.
काहिलीत म्हाताऱ्या बसल्या, गुळाच्या वासात.
एकीनं कडेचा चिकटा नखानं खरवडून
नातवाच्या तोंडात घातला, भर धारेत.
एक्केचाळीस जण. मी स्वतः मोजले.

आठ दिवसांनी पेपर आले:
महाराष्ट्रानं एक्केचाळीस वाचवले.
कर्नाटकानं एक्केचाळीस.
तेलंगणानं एक्केचाळीस.
शेवाळाथडीत एवढी माणसं
जत्रेलाही जमत नाहीत.

आणि बेचाळिसावा.
तो खाली बाभळीच्या जाळीत सापडला,
हद्दीच्या दगडाला टेकून, जणू दमून बसलेला.
खिशात बिडीबंडल. कागद नाही.
तिन्ही ठाण्यांनी लिहून दिलं, आमचा नाही.
नदीनं आणलेल्या वाळूवर तिघांचाही दावा होता,
कोर्टात तारखा पडत होत्या.
याच्यावर कुणाचाच नव्हता.

आम्ही वर्गणी केली, दोनशे दोनशे.
जाळायचा की पुरायचा, ठरेना.
सायलू बराच वेळ त्याच्या तळव्यांकडं बघत राहिला,
पांढरे, सुरकुतलेले.
म्हणाला, “ठंड लगी होंगी उसकू.”
म्हणून जाळला.
लाकडं आमची, रॉकेल बसलिंगप्पाचं,
सायलूची काडीपेटी ओली. सातवी काडी लागली.

आता मी पेन्शनीत आहे.
सतरा सप्टेंबरला आमच्याकडं झेंडा चढतो,
त्या दोघांकडंही. तारीख तीच, झेंडा तोच,
दिवसाची नावं मात्र तीन,
आणि तिन्हीकडचे पुढारी सांगतात
की आपणच एकटे कसे लढलो.
भाषणं संपली की माझा मोबाइल वाजतो.
शुभेच्छा वगैरे कुणी देत नाही.
“हणमंतसाब, पानी कित्ता?”

मी घरात, पंख्याखाली, कोरड्या फरशीवर उभा.
तरी एकदा पायांकडं बघतो
आणि मगच सांगतो.