चौथ्या ओळीचं पहिलं अक्षर

वडिलांच्या कोटाच्या आतल्या खिशात,
मासळी कारखान्याच्या पगारचिठ्ठीमागे
शिसपेन्सिलीच्या चार ओळी सापडल्या:

वारा वळला दारावर,
वाटच काळी झाली;
बर्फ बरसे नावेवर,
माणूस पाण्याखाली.

आइसलंडच्या या टोकाला अशी चौकडी कुणीही रचतो,
बारशाला, मेंढ्या मोजताना, शेजाऱ्यावर राग काढायला.
मी शाळेत तिचे नियम शिकवते:
पहिल्या ओळीत दोन शब्द एकाच अक्षराचे,
आणि तेच अक्षर दुसरीच्या तोंडाशी.
तिसरी-चौथीचंही तसंच.
दोन वल्ही, एक सुकाणू.

टेबलावर बोटं आपटत मोजलं.
सात, सहा, सात, सहा.
दारावर, नावेवर. झाली, खाली.
यमकाला कुठे फट नाही.
व, व, आणि खाली व.
ब, ब, आणि खाली

म.

वडील असे चुकणारे नव्हते.
पाद्रीबाबांचं नाताळचं शुभेच्छापत्र
त्यांनी लाल शाईनं दुरुस्त करून परत पाठवलं होतं,
एका अक्षरापायी.
कागदावर खाडाखोड नव्हती.
म्हणजे चूक नाही. बदली आहे.
कुणाच्या तरी जागेवर
हा नुसता 'माणूस' येऊन बसलाय.

जागेचं माप मला ठाऊक होतं:
दोन अवयव, जोर पहिल्यावर, सुरुवात ब.
घरातली नावं आठवून पाहिली,
थोरग्रीमुर, आस्दीस, होस्कुल्दुर, वेदीस.
ब वरून कुणीच नाही.
अल्बमातही नाही.
अल्बमात मात्र एका पानाला
चार कोपरे आहेत डिंकाचे, फोटो नाही.

रविवारी आईकडे गेले.
दुपारी तीनलाच दिवा लावून ती हातमोजे विणत होती.
मी ओळी वाचल्या, वर्गात वाचते तशा,
आणि चौथीच्या तोंडाशी थांबले,
मुलांनी गाळलेली जागा भरावी म्हणून.

"बेर्गुर," आई म्हणाली.
मान वर न करता.
जिन्याच्या खालून हाक मारावी तसं.

बेर्. गुर्.
मी मोजलंच. खोड जात नाही.

सुया थांबल्या होत्या.
कोण, असं विचारायला माझ्या तोंडात शब्द आला,
तेवढ्यात तिनं लोकर दिव्याजवळ धरली.
"तुझ्या नादात तीन टाके सुटले,"
म्हणाली,
आणि अख्खी ओळ उसवायला घेतली.