निरंक

गांधीबागेत कापडाच्या दुकानांवर, जिना चढून डावीकडे
माझं ऑफिस. एक खुर्ची माझी, दोन अशिलांच्या,
कॅलेंडरवर प्रत्येक महिन्याची वीस तारीख
लाल पेनानं गोल केलेली.

खाली ठेल्यावर तर्री-पोह्यासोबत
सकाळपासून करव्यवस्था ढवळणं चालू आहे.
"टप्पे इतके कायले पायजे बे? दोन ठेवा, मोकळे व्हा."
"अन् राज्याच्या वाट्याचं? इथून जाते तवा नोट असते,
दिल्लीहून वापस येते तवा चिल्लर."
तिसऱ्याचं दुखणं वेगळंच:
संत्रं माफ, संत्र्याचा रस नाही माफ,
म्हणजे सालीत आहे तोवर देवाचं
अन् पिळलं का सरकारचं?
ठेलेवाला कुणाचीच बाजू घेत नाही.
तो विचारतो, तर्री अजून टाकू?

माझे बाबा जकातीत होते, पारडी नाक्यावर.
ताडपत्री हातानं उचलून बघायचे, वासावरून माल ओळखायचे,
मिरची, मोहरी, ओलं लाकूड.
मग जकात गेली, एलबीटी आली, तीही गेली.
नाक्याची टपरी काही दिवस उभी होती,
बाबाही काही दिवस.

धकाते काकू अठरालाच येतात.
टिमकीहून, पायी.
पिशवीत दोन मोबाईल:
एक त्यांचा,
एक वासुदेव नत्थूजी धकाते यांचा,
सुताचे होलसेल व चिल्लर व्यापारी.
दुकान बंद होऊन दोन वर्षं झाली,
मालक दुकानाच्या एक दिवस आधी.

मी पहिल्याच वेळी म्हटलं होतं,
काकू, नोंदणी रद्द करून टाकू,
मृत्यूचा दाखला, एक अर्ज, संपलं.
"राहू दे न."
मग दर महिन्याला विवरण भरावं लागेल,
विक्री शून्य, खरेदी शून्य, तरी भरावं लागेल,
उशीर झाला तर दिवसाला वीस रुपये.
"नाही होनार उशीर."

पडदा उघडतो. वर इंग्रजीत त्यांचं नाव येतं,
मी मराठीत वाचून दाखवते:
स्वागत आहे, वासुदेव नत्थूजी धकाते.
काकू पदर सारखा करतात.
मग तो मोबाईल वाजतो.
त्या चष्मा चढवतात आणि सहा आकडे सांगतात,
एकेक, थांबत,
आणि चौथ्यापाशी नेहमी अडखळतात,
आकडा कोणताही असो.

त्या नंबराचं रिचार्ज त्या चुकवत नाहीत.
त्यावर अठरा टक्के.
काकांचा तेवढा एक कर अजून चालू आहे.

हे नियमात बसत नाही, मला ठाऊक आहे.
बाबांच्या जुन्या वहीत एक नोंद सापडली,
रात्री दोन वाजून दहा, हातगाडी एक,
हिरवे बांबू, मडकं, कोरं कापड.
जकातीच्या रकान्यात त्यांच्या वळणदार अक्षरात
निरंक.
खाली सही. सहीखाली, कशासाठी कोण जाणे,
पुन्हा सही.

जिना उतरताना काकू ठेल्यापाशी थांबतात.
कुणीतरी ओरडतोय, या खेपेला होनारच सुधारणा,
कुणीतरी पैज लावतोय वाटीभर तर्रीची.
काकू मान वर करून माझ्या खिडकीकडे बघतात.
"काय कमी करून राह्यले म्हनते?"
टप्पे, काकू.
"नंबर तं नाही न?"
नाही.
"मंग करू दे,"
म्हणतात, आणि पिशवी छातीशी धरून
गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडतात.