थॉकली

पत्र आलं तेव्हा गंगेवर कुणाचातरी दहावा उरकून
ओल्या पंच्याला हात पुसत होतो.
तिकिटावर राजाचं डोकं, पत्ता एवढाच:
वह्या ठेवणारे गुरुजी, नाशिक.
पोस्टमननं आठवडाभर फिरवून माझ्याकडे टाकलं,
माझ्या वह्या सर्वांत जाड म्हणून.

हॅरल्ड थॉकली. वय एक्याऐंशी.
लिहितो, आमचं आडनाव संपत आलंय.
सोबत नकाशा. अख्ख्या विलायतेत नऊ ठिपके,
तेही एकाच दरीत,
रुपयाच्या नाण्याखाली झाकावेत इतके जवळ.
ली म्हणजे रान तोडून केलेली मोकळी जागा.
थॉकबद्दल त्यांच्यात एकमत नाही,
कुणी म्हणतं दलदल, कुणी ओंडका.
गाव कधीच उठलं. आता तिथं मेंढ्या चरतात.
पणजोबांचा धाकटा भाऊ इगतपुरीला
इंजिनात कोळसा टाकायला आला होता.
पुढचं माहीत नाही.

मी आमच्या रीतीनं शोधलं. आधी गाव, मग आडनाव, मग शाखा.
थत्ते, थेटे, थोरात.
थॉकली कुठून असणार? तो कशाला बसेल पिंडाला?

पण गाव उठलं की माणसं आडनावात राहायला जातात
हे मला कुणी सांगायला नको.
धरणात गेलेल्या गावांचे 'कर' अजून येतात माझ्याकडे,
गाव विचारलं
की पाण्याकडे बोट करतात.

आणि मग बिटको हॉस्पिटलातली नर्स आठवली,
एस्तेर ठोकळे.
आईच्या शेवटच्या रात्री तिचे पाय चोळत बसलेली.
स्कूटर काढून देवळाली गावात गेलो.
"आजोबांचं वेगळंच होतं काहीतरी," त्या म्हणाल्या,
"रेशनच्या कारकुनाला लिहिता येईना.
ठोकळेच ना, म्हणाला. आजी म्हणाली, हो.
मागे रांग होती, साखर संपत आली होती."

ठोकळा. ओंडका.
म्हणजे त्या कारकुनानं
घाईघाईत भाषांतरच करून टाकलं.
थॉक म्हणजे दलदल असेल, तर मात्र नुसतीच चूक.

हॅरल्डला कळवलं: दहावा ठिपका सापडला.
मुली दोन. थोरली साळवे झाली,
धाकटी सिन्नरला पगारे.
पाकीट चिकटवणार, तेवढ्यात एस्तेरबाईंचा फोन:
"गुरुजी, एवढं विचारा त्यांना,
त्या मेंढ्या कुणाच्या?"