वरचे दिवस

तारीख अठरा होती.
सतराच्या रात्री केस धुतले,
पायाची नखं कापून घेतली निनादकडून
(मला माझे पाय दिसून महिना झाला होता),
बॅग दाराशी ठेवली: फाइल, आधार कार्ड, दोन गाऊन,
आईने रोह्याहून आणलेली जुन्या धोतराची लंगोटं.
अठराला काही झालं नाही.
पाणी आलं, गेलं. कुकर झाला.
समोरच्या टॉवरमध्ये कुणीतरी
साडेदहापर्यंत टाइल कापत होतं.

आज पंचवीस.
बॅगेतला बिस्किटांचा पुडा आम्ही खाऊन टाकला.
दुसरा ठेवला.

फोन येतात.
कशी आहेस विचारत नाही कुणी.
"काय गं, अजून?"
जणू माझ्याकडे कुणाची उधारी राहिलीय.
नणंद म्हणते, एरंडेल घे.
डॉक्टर म्हणतात, अजिबात नको.
पाटणकरकाकू म्हणतात, जिने चढ.
लिफ्ट बंद असते तेव्हा चढतेच मी.

आधी सगळे म्हणायचे, हिला दिवस गेलेत.
रोह्याकडे म्हणतात, दिवस राहिलेत.
गेले ते मोजून झाले.
आता हे राहिलेले,
ज्यांना कॅलेंडरवर चौकट नाही.

निनाद न्हावा-शेव्याला, क्लिअरिंगच्या ऑफिसात.
सांगत होता, कंटेनरला काही दिवस फुकट असतात,
मग डेमरेज चढतं, रोजचं.
म्हटलं, माझ्याकडून किती घेणार?
हसला.
आणि रात्रभर माझ्या पाठीवर हात ठेवून
जागा राहिला.

तसं उलव्यात राहून
तारखेवर रुसायचं कोणत्या तोंडाने?
बिल्डरने ताबा मार्चमध्ये देतो म्हटलेलं,
दोन मार्च तो तसेच गिळून बसला.
विमानतळाच्या तारखा सासरे पेपरातून कापून ठेवायचे.
डोंगरात सुरुंग उडायचा, खिडक्या थरथरायच्या,
तारीख पुढे.

बेलापूरला एक दिवसाआड जाते.
पोटाला दोन पट्टे बांधतात, हातात एक बटण देतात,
बाळ हललं की दाबायचं.
खोलीभर आवाज:
कुणीतरी ओल्या चपलांनी घाईघाईने जिना उतरतंय
आणि जिना संपतच नाही.
म्हात्रे सिस्टर कागद फाडता फाडता म्हणाल्या,
"माझा दुसरा बारा दिस उशिरा झाला.
आता बारावीला हाय.
अजून सकालचा उठत नाय."

डॉक्टर म्हणाल्या, तारीख म्हणजे अंदाज गं,
शंभरातली चार-पाचच येतात दिलेल्या दिवशी.
पाणी नऊ आहे, ठीक आहे.
सत्तावीसला सकाळी सातला या, जेल लावू,
मग बघू कळा कशा येतात.
वेळ लागतो. कधी कधी अख्खा दिवस.
बाळाची नखं वाढलेली असतील,
कातडी जरा सुटलेली,
खूप वेळ कपडे धुतल्यावर बोटं होतात तशी.
घाबरू नका.
एक शब्द त्यांनी हळू उच्चारला, सिझर,
आणि लगेच पेनचं टोपण लावलं.

एक गोष्ट कुणाला सांगितली नाही.
पहिल्या भेटीत विचारलं होतं, पाळी कधी आली होती?
मला आठवेना.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून
ठोकून दिली एक तारीख.
सोनोग्राफी म्हणाली, चार दिवस इकडे-तिकडे, चालतंय.
त्या ठोकून दिलेल्या तारखेवर
माझ्या आईची रजा, सासूबाईंचे डिंकाचे लाडू,
आणि ही सगळी काळजी
उभी आहे.

रात्री मोजते. डाव्या कुशीवर, वही पोटाला टेकवून.
दोन तासांत दहा हव्यात.
पावणेबारापर्यंत आठ.
उठले. फ्रिजमधलं पाणी प्यायले उभ्यानेच.
निनादला हाक मारावी का, असं दोनदा आलं मनात.
बॅगेची चेन नीट आहे का बघितली.
परत आडवी झाले.
नववी: इतकी बारीक की धरू की नको.
धरली.
दहावी आली तेव्हा वही उडून खाली पडली.

वाकता येत नाही. पायाने ओढून घेतली,
दहाचा आकडा लिहिला, वेळ लिहिली.
मग अजून एक,
सावकाश, आळस दिल्यासारखी.

ती मी लिहिली नाही.