मापं

फ्रॉकचा घेर डावीकडे वर चढला
तेव्हा मी कात्रीला दोष दिला.
उसवला. पुन्हा शिवला. पुन्हा तेच.
सतरा वर्षं भुसावळात बायकांची मापं घेते मी,
आणि पोटच्या पोरीची पाठ वळतेय
हे मला कापडानं सांगितलं.

जळगावच्या डॉक्टरांनी फोटो उजेडाला धरला.
चौतीस अंश, म्हणाले.
बाहेर त्या दिवशी सेहेचाळीस होते.

प्लास्टरच्या ओल्या पट्ट्यांत हर्षाली हात वर करून उभी.
"मम्मी, गणपती असाच करतात का?"
माप घेणारा हसला. मला नाही जमलं.

वीस तास पट्टा, चार तास मोकळी.
शिवण रुतते अंगाला,
म्हणून शिवणीवर पोट भरणारी मी
बिनशिवणीचं बनियन शोधत अख्खा बाजार फिरले.
रात्री लाइट गेली, कूलर थांबला
की वेल्क्रोचा आवाज येतो, खर्रर्र,
आणि अंधारात मी म्हणते, नको बेटा,
अजून दोन तास.
सकाळी बरगडीवरची लाली बघत बसते घड्याळ लावून:
अर्ध्या तासात गेली तर ठीक,
नाही तर फोन करायचा.

"कोनी नजर लागनी व माय," समोरच्या काकू.
मी सुईत दोरा ओवत राहिले.

शाळेत पोरं तिच्या पोटावर टकटक करतात.
ती आतून विचारते,
"कोण आहे?"

दर पाडव्याला चौकटीवर तिची उंची लिहायचो.
यंदा मी विसरले, म्हणजे विसरले असं सांगितलं.
वाढेल तसा बाकही वाढू शकतो, म्हणालेत.
तेव्हापासून तिची चप्पल लहान झाली
तरी पोटात गोळा येतो.
कोणती आई लेकरू झोपल्यावर म्हणते,
जरा सावकाश वाढ?

परवा चौकटीवर खडूची नवी रेघ दिसली,
माझ्याच कपडे आखायच्या खडूची, निळ्या.
डोक्यावरून हात नेऊन
एकटीनंच ओढलेली, तिरकी.
"टेप आण ना," म्हणाली.
आणली.

सहा महिन्यांनी एकोणतीस.
डॉक्टर "बरी" म्हणाले नाहीत, "चालू ठेवा" म्हणाले.
पुढच्या फोटोला दिवाळी उजाडेल.
तोवर घेर कापताना
डावीकडे पाऊण इंच जास्त सोडते.
लांबून सरळ दिसतो.